लघवी धरणारी पट्टीच मूत्रमार्गात उतरते तेव्हा : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुणा एकाच बाईचे नाही. खोकला-शिंकेसरशी लघवी सुटते म्हणून मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवलेल्या स्त्रियांमध्ये एक गंभीर गुंतागुंत ज्या क्रमाने घडत जाते, तो क्रम एका रुग्णाच्या रूपात मांडला आहे. वय, आकडे आणि दिवस अशा रुग्णांमध्ये नेहमी आढळतात तसेच धरले आहेत.

रुग्ण

वय ५१. तीन बाळंतपणे, तिन्ही नैसर्गिक. पाळी जाऊन दोन वर्षे झालेली. मधुमेह नाही. घरची शेती आणि जोडीला शिवणकाम. वीस महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात पट्टीची शस्त्रक्रिया झाली. डिस्चार्ज कार्डवर ‘स्लिंग केली’ एवढेच दोन शब्द. पट्टी कोणत्या जातीची, कोणत्या मार्गाने घातली, सुई कुठून बाहेर काढली, दुर्बीण घातली होती का, यातले काहीही नाही. पट्टीच्या पाकिटावरचे लॉट नंबरचे स्टिकरही नाही. जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) वर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक व्रण होते, मांडीच्या सांध्यात एकही नव्हता. त्यावरून पट्टी रेट्रोप्युबिक, म्हणजे जघनास्थीच्या मागून वर नेलेली, हे कळले.

स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १९९६ मध्ये मांडली. पॉलिप्रॉपिलीनची, सुमारे १.१ सेंटीमीटर रुंद पट्टी मूत्रमार्गाच्या मधल्या भागाखाली ताण न देता ठेवायची, हे तिचे मूळ सूत्र. खोकल्याच्या क्षणी पट्टीने आधार द्यायचा, एरवी नुसते पडून राहायचे. पुढची सगळी गुंतागुंत ‘ताण न देता’ या तीन शब्दांशी येऊन थांबते.

पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी नळी काढली, तर लघवी थेंबथेंब. मूत्राशयात ४०० मिलीलिटरच्या वर साठली तेव्हा नळी परत घातली आणि दहा दिवस ठेवली. ती काढल्यावरही जोर लावावा लागे. तेव्हा ‘मार्ग आवळला आहे’ म्हणून डायलेटर घालून मूत्रमार्ग रुंद केला. सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा. धार थोडी सुटली आणि सगळ्यांना हायसे वाटले. पण नुकसानीची सुरुवात बहुधा इथेच झाली. पट्टी घट्ट असताना मूत्रमार्गात धातूचा डायलेटर घातला की मूत्रमार्गाची भिंत आतून धातू आणि बाहेरून जाळी अशा दोहोंत चिरडली जाते. पट्टी सैल होत नाही, कारण तिच्या भुजा दोन्ही बाजूंच्या ऊतींत रुजलेल्या असतात. हार मानते ती भिंत. पट्टी जागेवर असताना मूत्रमार्ग ताणून रुंद करणे हा उपचारच नव्हे.

पुढच्या वर्षभरात पाच वेळा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला. दर वेळी पाच-सात दिवसांचे प्रतिजैविक. मधे लघवीची घाई होते म्हणून सॉलिफेनॅसिन ५ मिलिग्रॅम सुरू झाले. त्याने घाई जेमतेम कमी झाली, पण मूत्राशयाचा जोर आणखी मंदावला आणि उरणारी लघवी वाढली. अडथळा तसाच ठेवून मूत्राशय सैल करणारे औषध दिले की हेच होते.

ओपीडीत निर्णायक ठरला तो एकच प्रश्न.

“मावशी, ऑपरेशनच्या आधीसुद्धा धार अशीच बारीक होती का?”

“नाही हो. आधी धो धो व्हायची. सुटायची हीच तर तक्रार होती. आता बसून होतच नाही, उठून पुढं वाकले की कुठं थोडी येते.”

उभे राहून, पुढे वाकून लघवी करावी लागणे हे घट्ट पट्टीचे अगदी ठळक लक्षण आहे. वाकल्यावर मूत्रमार्गाचा कोन बदलतो आणि पट्टीचा दाब क्षणभर सुटतो. पट्टीनंतर नव्याने सुरू झालेली बारीक धार, घाई किंवा वरचेवर होणारा संसर्ग म्हणजे अडथळा किंवा जाळी आत शिरणे, असेच धरून चालावे. उलटे सिद्ध होईपर्यंत हे निदान सोडू नये.

तपासणी

योनीत जाळी उघडी पडलेली दिसत नव्हती. बोटाला मात्र पुढच्या भिंतीखाली मधोमध ताणलेल्या सुतळीसारखी रेघ लागली. तिच्यावर दाबताच कळ आली. खोकून पाहिले तर लघवी सुटत नव्हती.

युरोफ्लोमेट्रीबद्दल, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजण्याच्या चाचणीबद्दल, एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. जन्मभर उकिडवे बसायची सवय असलेल्या बाईला अनोळखी खोलीत कमोडच्या खुर्चीवर बसवले की धार हमखास बिघडते. म्हणून दार बंद, बाहेर कुणी ताटकळत उभे नाही, आणि चाचणी दोनदा. लघवी १५० मिलीलिटरपेक्षा कमी झाली तर तो आलेख धरू नये. इथे १८० मिलीलिटर झाली, सर्वाधिक वेग सेकंदाला ७ मिलीलिटर, आलेख सपाट आणि लांबलेला. सोनोग्राफीत १६० मिलीलिटर लघवी मागे उरलेली. दोन्ही मूत्रपिंडे चांगली, क्रिएटिनिन ०.८.

पॉलिप्रॉपिलीन एक्स-रेवर दिसत नाही आणि सीटी-एमआरआयमध्येही नीट ओळखू येत नाही. सोनोग्राफीत मात्र ते चमकते. पोटाचा वक्र प्रोब हातमोज्यात गुंडाळून योनीमुखावर ठेवला की मूत्रमार्ग, मूत्राशयाची मान आणि पट्टी एकाच चित्रात येतात. चांगली बसलेली पट्टी विश्रांतीत सपाट दिसते आणि जोर लावल्यावर वाकते. हिच्यात ती निवांत पडल्या पडल्याच ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली होती आणि तिचा मधला भाग मूत्रमार्गाच्या पोकळीला भिडलेला होता. यंत्र नेहमीचेच आहे. प्रोब तिथे ठेवून बघायची सवय तेवढी हवी.

प्रेशर-फ्लो तपासणीत सर्वाधिक वेगाच्या क्षणी मूत्राशयाचा दाब ३८ सेंटीमीटर पाणी, वेग ७. बाईच्या बाबतीत एवढा दाब आणि एवढा कमी वेग म्हणजे अडथळा. स्त्रियांमधल्या अडथळ्यासाठी सर्वमान्य असा एकच आकडा नाही, त्यामुळे आलेख काठावरचा आला तरी शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू झालेली तक्रार हा पुरावा जास्त वजनदार मानावा. मूत्राशय भरताना अनैच्छिक आकुंचनेही दिसली. घाईचे कारण तेच.

मग दुर्बीण. इथेच निदान हुकण्याची भीती सर्वांत जास्त. ७० अंशाची भिंग थेट मूत्राशयात नेली तर मूत्रमार्ग बघायचा राहून जातो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर, आणि नेहमीच्या शीथला, म्हणजे दुर्बिणीच्या बाहेरच्या नळीला, टोकाजवळ बाजूची भोके असल्याने पाणी बाहेर निसटते, मार्ग फुगत नाही आणि घडी उलगडत नाही. म्हणून ० किंवा १२ अंशाची भिंग, आखूड चोचीची शीथ, बाहेरचे तोंड बोटांनी हलके दाबून धरायचे आणि पाणी चालू ठेवून मिलीमीटर मिलीमीटर मागे यायचे. हिच्यात मध्य मूत्रमार्गात, घड्याळाच्या तबकडीप्रमाणे पाहिले तर ४ ते ७ वाजण्याच्या जागेत निळसर धागे उघडे पडलेले, त्यांवर सुमारे ६ मिलीमीटरचा खडूसारखा खड्याचा थर आणि भोवती लालसर, सुजलेली त्वचा. नंतर ७० अंशाच्या भिंगेने मूत्राशयाच्या पुढच्या भिंतीवर १ ते २ आणि १० ते ११ वाजण्याच्या जागा मुद्दाम तपासल्या, कारण रेट्रोप्युबिक सुई मूत्राशयात शिरते ती तिथेच. तिथे जाळी नव्हती.

आययूजीए आणि आयसीएस या स्त्री-मूत्ररोग आणि लघवीच्या तक्रारींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०११ च्या वर्गीकरणात ही गुंतागुंत चौथ्या, म्हणजे मूत्रसंस्थेच्या, गटात मोडते, आणि एक वर्ष उलटल्यामुळे काळ टी-४. नोंद अशीच करावी, म्हणजे पुढे हिशेब जुळतो.

काय करायचे हे ठरवताना

दुर्बिणीतून होल्मियम लेसरने किंवा कात्रीने उघडे धागे कापणे सोपे वाटते. अर्धा तास, चीर नाही, घरी लवकर. धागा एखाददुसरा, आणि रुग्णाची प्रकृती मोठ्या शस्त्रक्रियेला न झेपणारी असेल तर हा मार्ग चालतो. पण कापलेली टोके भिंतीत पुरलेलीच राहतात आणि भिंत आकसली की परत डोके वर काढतात. शिवाय अडथळा सुटेल याची खात्री नसते. हिच्यात घट्टपणा, खडा आणि पाव घेराएवढी उघडी जाळी असे तिन्ही एकत्र होते. म्हणून योनीमार्गे पट्टीचा मधला भाग काढून मूत्रमार्ग थरांत दुरुस्त करायचे ठरले. जघनास्थीमागच्या भुजा तशाच ठेवायच्या. त्या भागात दुखणे किंवा पू असता तर विचार वेगळा झाला असता. ते नसताना त्या उकरून काढायच्या म्हणजे रक्तस्राव आणि मूत्राशयाला इजा ओढवून घ्यायची.

संमती घेताना तिला तीन गोष्टी मराठीत, नवऱ्यासमोर आणि एकटीला अशा दोनदा सांगितल्या : खोकल्याला लघवी सुटणे परत येऊ शकते, दुरुस्तीच्या जागी भगंदर (मूत्रमार्गातून योनीत आरपार भोक) होऊ शकते, आणि पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते. ती म्हणाली, “सुटली तर पॅड लावीन, पण हे तुंबणं नको.” तिच्यासाठी काय महत्त्वाचे आहे ते ठरले, आणि योजना त्यावरच बेतली.

त्याच बैठकीत लघवी धरण्यासाठी काही करायचे का? कृत्रिम जाळी तर उघडलेल्या मूत्रमार्गाशेजारी कधीच ठेवायची नाही. स्वतःच्या पोटाच्या फॅशियाची, म्हणजे स्नायूवरच्या चिवट पडद्याची, पट्टी निवडक रुग्णांत त्याच वेळी घालता येते. पण इथे संसर्ग वारंवार झालेला आणि गळती होईल की नाही हेच ठाऊक नाही. टप्प्याटप्प्याने जाणे बरे.

तयारीत सॉलिफेनॅसिन बंद केले. आधी सहा आठवडे योनीत एस्ट्रिऑल क्रीम, पहिले दोन आठवडे रोज रात्री ०.५ मिलिग्रॅम, मग आठवड्यातून दोनदा. पाळी गेलेल्या बाईची पातळ त्वचा यामुळे टाके धरायला तयार होते. लघवीचे कल्चर करून त्याप्रमाणे प्रतिजैविक. कल्चर शुद्ध आल्याशिवाय टेबलवर घेतले नाही.

शस्त्रक्रिया

कमरेखालची भूल, लिथोटॉमी (पाठीवर झोपवून पाय वर बांधलेली स्थिती), डोके किंचित खाली. आधी दुर्बीण पुन्हा, मग १६ फ्रेंचचा सिलिकॉन कॅथेटर.

योनीच्या पुढच्या भिंतीवर उलट्या ‘यू’ आकाराची चीर, टोक मूत्रमार्गाच्या तोंडापासून सुमारे दीड सेंटीमीटर आत. चिरेचा आकार मुद्दाम असा. सरळ मध्यचीर दिली तर योनीचे टाके नेमके मूत्रमार्गाच्या टाक्यांवर येतात आणि भगंदराला वाट मिळते. आधी सलाइनमध्ये एक लाखात अर्ध्या प्रमाणात, म्हणजे १:२,००,००० ॲड्रेनलिन घालून त्वचेखाली सोडले. थर वेगळे होतात आणि रक्त कमी येते.

आता पट्टी शोधायची, आणि मोह होतो तो मधोमध शोधण्याचा, कारण जाळी तिथेच दिसली होती. पण नेमक्या तिथेच मूत्रमार्ग आणि जाळी एकमेकांत वितळल्यासारखी झालेली असतात. कात्री तिथे चालवली की असलेले भोक दुप्पट होते. त्यामुळे कडेला, मूत्रमार्गापासून एक-दीड सेंटीमीटर दूर, ऊती अजून शाबूत असतात तिथे शोधावी. बोटाने चाचपले की ती तारेसारखी लागते. कॅथेटर हलकेच खाली-वर केला की तार जागेवर राहते आणि मूत्रमार्ग हलतो. हा फरक बोटाला कळला की काम निम्मे झाले. डाव्या बाजूला काटकोनी क्लॅम्प पट्टीखालून पलीकडे काढला, पट्टी कापली, तर दोन्ही टोके चटकन सहा-सात मिलीमीटर मागे सरकली. ताण किती होता याचा याहून वेगळा पुरावा नको. उजवीकडेही तेच केले. मग दोन्ही टोके ॲलिस चिमट्यांत धरून बाहेरून मध्याकडे सोडवत आलो की शेवटी मूत्रमार्गात शिरलेला भाग हाती लागतो. तो ओढायचा नाही. धागा धागा कापून, खड्यासकट उचलायचा. ओढला तर जाळीचे तंतू तुटून भिंतीत राहतात, आणि प्रत्येक उरलेला तंतू पुढच्या खड्याचे बी असतो.

दोन्ही बाजूंना एन्डोपेल्विक फॅशियापर्यंत, म्हणजे ओटीपोटाच्या आतल्या पडद्यापर्यंत, पट्टी काढली. टेबलवर मोजली तर एकूण ४.५ सेंटीमीटर. एक तुकडा कल्चरला, बाकी पॅथॉलॉजीला. मूत्रमार्गाच्या मागच्या भिंतीत ८ मिलीमीटरचे भोक उरले, कडा पांढुरक्या, निर्जीव. रक्त दिसेपर्यंत त्या छाटल्या. टाके घालण्याच्या घाईत ही पायरी टाळली तर मेलेल्या कडा टाके सोडून देतात.

पहिला थर ४-० जाडीच्या पॉलिग्लॅक्टिनचे, म्हणजे विरघळणाऱ्या धाग्याचे, सुटे टाके, कॅथेटरवर, त्वचेच्या कडा आत वळवून. दुसरा थर मूत्रमार्गाभोवतीच्या फॅशियाचा, ३-० ने, पहिल्याच्या काटकोनात, म्हणजे दोन रेघा एकमेकींवर येत नाहीत. मग कॅथेटरशेजारून बारीक कॅन्युलाने मूत्रमार्गात सलाइन सोडून गळते का ते पाहिले. एका जागी थेंब आला, तिथे एक टाका वाढवला.

तिसरा थर मार्टियस फ्लॅपचा. दुरुस्त केलेल्या मूत्रमार्गाला स्वतःचा रक्तपुरवठा असलेली चरबीची गादी द्यायची. उजव्या मोठ्या भगोष्ठावर सहा सेंटीमीटर उभी चीर, खालची पिवळी चरबी कडेने मोकळी केली, वरचे टोक कापून खालचे देठ राखले. खालून येणारी रक्तवाहिनी पुडेंडल धमनीची शाखा असते, ती जपायची. मग योनीच्या त्वचेखालून बोगदा. बोगदा दोन बोटे सहज जातील एवढा रुंद हवा. अरुंद झाला तर देठ गळफास बसल्यासारखा दबतो आणि जी गादी जखम भरायला आणली तीच सडते. चरबी पीळ न पडता पलीकडे आली, गुलाबी आहे हे पाहिले आणि चारही कोपऱ्यांना ३-० ने टाचली. योनीची झडप २-० ने ताण न येता बंद. भगोष्ठात १० फ्रेंचचे बारीक ड्रेन, योनीत २४ तासांसाठी पॅक. शेवटी पुन्हा दुर्बीण.

पुढचे दिवस

कॅथेटर मांडीला चिकटपट्टीने असा बांधला की ओढ पडणार नाही. नुसत्या लोंबत्या पिशवीचे वजनही टाक्यांना नको. ड्रेन दुसऱ्या दिवशी काढले, तिसऱ्या दिवशी घरी. घरी पाठवताना पिशवी कशी रिकामी करायची, नळी अडकली तर कुठे फोन करायचा हे कागदावर मोठ्या अक्षरांत. शिलाई मशीन सहा आठवडे बंद, लैंगिक संबंध तीन महिने नाहीत. मूत्राशयाच्या पेटक्यांसाठी नळी असेपर्यंतच सॉलिफेनॅसिन. नळी निघणार त्याच्या दोन दिवस आधी बंद.

अठराव्या दिवशी कॉन्ट्रास्ट सोडून लघवी करतानाचा एक्स-रे काढला. गळती नव्हती. नळी काढली, तेव्हा २२० मिलीलिटर लघवी झाली आणि मागे ३० उरली. गळती दिसली असती तर नळी परत घालून दोन आठवडे थांबायचे, घाईने टाके घालायला जायचे नाही. लहान गळती बहुतेकदा नळीनेच बुजते.

तीन महिन्यांनी वेग सेकंदाला १९ मिलीलिटर, घाई निम्म्याहून कमी, संसर्ग एकदाही नाही. खोकल्याला लघवी सुटणे मात्र परत आले होते, दिवसाला दोन पॅड. घट्ट पट्टी नुसती मधे कापली तर अनेक बायकांमध्ये व्रणाचा आधार शिल्लक राहतो आणि गळती परतत नाही. इथे मात्र पट्टी खूप काढावी लागली होती.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम तीन महिने फिजिओथेरपिस्टसमोर केले. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. प्रेशर-फ्लो पुन्हा केला, अडथळा नाही, गळती सिद्ध. मग आठव्या महिन्यात स्वतःच्या रेक्टस (पोटाच्या उभ्या स्नायूवरच्या) फॅशियाची पट्टी, ८ सेंटीमीटर लांब आणि २ रुंद, बिकिनी रेषेच्या चिरेतून काढून मूत्राशयाच्या मानेखाली बसवली. मार्टियसची चरबी जिवंत होती, तिच्यामुळे थर ओळखता आले. गाठ बांधताना धागा आणि पोटाची फॅशिया यांत दोन बोटे सहज सरकली पाहिजेत, आणि ती सरकली. स्वतःची नळी स्वतः घालायला तिला आधीच शिकवले होते, कारण फॅशियाच्या पट्टीनंतर लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. तिला नऊ दिवस लागले.

पहिल्या पंधरवड्यात काय करायला हवे होते

पट्टीनंतर लघवी नीट होत नसेल तर वाट पाहण्याला मर्यादा आहे. रिक्टर आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधल्या ५९७ स्त्रियांच्या चाचणीत लघवी अडल्यामुळे शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण रेट्रोप्युबिक पट्टीत २.७ टक्के होते, आणि मांडीच्या बाजूने घातलेल्या ट्रान्सऑब्ट्युरेटर पट्टीत शून्य. म्हणजे रेट्रोप्युबिक पट्टी घालणाऱ्याला असा रुग्ण कधीतरी भेटणारच.

पहिल्या आठवड्याअखेर लघवी अडलेलीच असेल तर योनीचे टाके उघडायचे, काटकोनी क्लॅम्प पट्टीखाली घालायचा आणि मूत्रमार्ग न ओढता पट्टी खाली पाच ते दहा मिलीमीटर सैल करायची. दहा ते चौदा दिवसांपर्यंत हे जमते, कारण तोवर जाळीच्या भोकांत ऊती पक्क्या शिरलेल्या नसतात. त्यानंतर पट्टी सरकत नाही. मग ती कापावी लागते, आणि कापायची ती सहा आठवड्यांच्या सुमारास, वर्षभराने नाही. हिच्या बाराव्या दिवशी डायलेटरऐवजी क्लॅम्प हातात असता तर दहा मिनिटांचे काम होते.

वर्षाच्या भेटीत तिच्या कार्डवर पहिल्यांदा पूर्ण नोंद आली : ४.५ सेंटीमीटर जाळी काढली, जघनास्थीमागे दोन्ही भुजा शिल्लक, उजवा मार्टियस, रेक्टस फॅशियाची पट्टी, वेग १७, उरलेली लघवी २५ मिलीलिटर. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने ते आधार कार्डाशेजारी ठेवले.